पळताना तापणारी गाडी

काटा लालकडे सरकला की मी आधी एसी बंद करतो आणि मग हिटर लावतो. भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन आलेलं असताना, हिटर. ज्याला गाडीतलं कळत नाही तो म्हणेल, ह्या ड्रायव्हरचं डोकं फिरलंय. पण इंजिनातली आग कुठून तरी बाहेर काढावीच लागते. हिटर लावला की ती थोडी आत आपल्या अंगावर येते आणि इंजिन तेवढं वाचतं.

त्या दिवशीही तसंच केलं. कसाबखेड्याच्या अलीकडे काटा चढायला लागला. मी बटण फिरवलं आणि भाकरी भाजताना चुलीपुढं बसल्यावर लागते तशी झळ पायाला लागली. मागच्या सीटवर तात्यासाहेब. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. काचा खाली केल्या तर बाहेरच्या झळा, वर ठेवल्या तर आतली भट्टी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"कृष्णा, तापायली का पुन्हा?"

"जराशी."

"बरं," म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसरा कोणी मालक असता तर माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. तात्यासाहेब बोलत नाहीत. ते नुसतं सोसतात, आणि त्यानंच मला जास्त त्रास होतो.

शेवटी कसाबखेड्याच्या फाट्यावर गाडी उकळलीच. बॉनेटमधून वाफ यायला लागली, मी रसवंतीपुढं गाडी उभी केली, तात्यासाहेबांना बाकड्यावर बसवलं आणि त्यांच्या मुलाला, सत्यमला, फोन लावला. सत्यम त्याची गाडी घेऊन शहरातून आला. उतरल्या उतरल्या, रसवंतीवाल्यासमोर, रस प्यायला थांबलेल्या बायाबापड्यांसमोर, मला म्हणाला, "कृष्णाकाका, पाणी बघता का नाही गाडीत? का नुसतं स्टिअरिंग धरून बसता?"

"रोज बघतो की. कूलंट टाकलेलं हाय."

"मग तापते कशी? किती वेळा गॅरेजला लावली. इंजिन जाळणार तुम्ही एक दिवस. आता पुन्हा उकळली ना, तर गाडी विकून टाकणार मी. मग तुम्ही पण मोकळे आणि मी पण."

'काका' म्हणून जोडा हाणायची ही तऱ्हा सत्यमला चांगली जमते. तात्यासाहेब रसाच्या ग्लासाकडे बघत होते.

आता खरं सांगायचं तर मला मोकळं व्हायचंच होतं. माझी मुलगी अपेक्षा नाशिकला दवाखान्यात नर्स आहे. दोन खोल्यांचं घर घेतलंय तिनं. रोज फोन करते, "बाबा, आई आणि तुम्ही इकडं या. किती दिवस त्या मागच्या खोलीत राहणार?" उस्मानपुऱ्यात तात्यासाहेबांच्या बंगल्यामागं पत्र्याची एक खोली आहे, तिथं मी आणि माझी बायको करुणा राहतो. उन्हाळ्यात त्या खोलीतही हिटर लावल्यासारखंच असतं. करुणानं तर तिच्या दोन साड्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. लग्नसराई संपली की निघायचं, असं आमचं ठरलं होतं.

पण असं नाही निघायचं. ड्रायव्हर माणसाकडं शेत नाही, शिक्षण नाही, असतं ते नाव. आमच्या देवगाव रंगारीत आणि इथं क्रांती चौकातल्या स्टँडवर सगळे म्हणतात, कृष्णाच्या हातात गाडी दिली की बघायला नको. 'कृष्णानं इंजिन जाळलं आणि पळाला', हे ऐकायला मी नाशकात बसणार नव्हतो. गाडीचं दुखणं सापडलं पाहिजे, ते माझ्यामुळं नव्हतं हे सत्यमला कळलं पाहिजे, मग निघायचं. एवढीच माझी इच्छा होती, फार मोठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बद्रीनाथच्या गॅरेजला नेली. बद्रीनाथ आमच्याच पट्ट्यातला, क्रांती चौकाच्या मागं त्याचं गॅरेज. उन्हाळा लागल्यापासून ही गाडी त्याच्याकडंच पडून असायची. आधी त्यानं थर्मोस्टॅट बदलला. मग पाण्याचा पंप बदलला. मग रेडिएटर उतरवून धुतला. पंखा तपासला, होज पाईप तपासले. दर वेळी म्हणायचा, "झालं बघ आता," आणि दर वेळी गाडी दौलताबाद ओलांडली की तापायची.

त्या दिवशी मी चिडूनच गेलो होतो.

"बद्री, तुला येत नसंल तर तसं सांग. मी दुसरीकडं लावतो."

तो बॉनेटकडं वळला. रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते वाकून बघत बसला. मग ऑइलची पट्टी काढून माझ्यापुढं धरली.

"चहावानी झालंय का? नाय ना. म्हंजी गॅस्केट शाबूत हाय. इंजिनाला काय धाड भरली नाय."

"मग?"

"उभी असताना तापती, का पळताना?"

"पळताना. शहरात चौकात कितीबी वेळ उभी कर, काटा हलत नाय. रस्ता मोकळा लागला, चढ आला, की संपलं."

"उभी असताना पंखा इकडून तिकडून वारा वढून घेतो. पळताना तेवढ्यानं भागत नाय. इंजिनाला काम लई, वारा समोरून पाहिजे." एवढं बोलून त्यानं हात पुसले आणि गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. मीही गेलो. आम्ही दोघंही बघत राहिलो.

गाडीच्या पुढच्या जाळीवर पाटी होती. स्टीलची, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, लाल रंगाची, वर पितळी अक्षरं. 'तात्यासाहेब', खाली 'माजी सभापती', आणि त्याखाली तालुक्याचं नाव. पाटीच्या खाली लोखंडी गार्ड, गार्डावर दोन जादा दिवे. वारा आत शिरायला बोटभर फट नव्हती.

"ही पाटी कवा लावली?" बद्रीनाथनं विचारलं.

"पाडव्याला."

"आन गाडी तापायला कवा लागली?"

उन्हाळा लागला आणि गाडी तापायला लागली, म्हणून सगळ्यांनी उन्हाळ्यावर ढकललं होतं. पाडवा आणि उन्हाळा बरोबरच येतात, हे कोणाच्या ध्यानात यायला नको का? माझ्याही आलं नाही.

"काढून बघू," बद्रीनाथ म्हणाला. दहा नंबरच्या पान्यानं चार बोल्ट खोलले, पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मी गाडी घेऊन दौलताबादचा घाट चढून खुलताबादपर्यंत गेलो आणि आलो, एसी लावून, भर बारा वाजता. काटा मध्यावर, खिळा मारल्यासारखा. परत आलो तेव्हा आनंदानं मला हसूच येत होतं. मग भिंतीला टेकवलेली पाटी दिसली आणि हसू गेलं.

"तुला आधीपासून माहीत होतं," मी बद्रीनाथला म्हणालो.

"शंका व्हती."

"मग पंप कशाला बदलला? माझ्या नावानं तिकडं शिमगा चाललाय."

"तर काय सांगू? तात्यासाहेब, तुमच्या नावानं गाडी गुदमरायली, असं सांगू?" बद्रीनाथही तापला. "माझ्या भावाच्या पोराला त्यांनी शाळंवर लावलं. हे गॅरेज टाकलं तवा फीत कापायला आले व्हते. मी नाय सांगणार. तू घरचा हाईस, तू सांग."

घरचा! काम वाईट असलं की ड्रायव्हर घरचा होतो.

ह्या पाटीचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाटीपायी काय हा कारभार. आधीची पाटी लहान होती. 'सभापती', एवढंच. त्यांची मुदत संपली तरी निवडणुका झाल्या नाहीत, नवा सभापती बसला नाही, म्हणून ती तशीच चालून गेली. यंदा नवा सभापती आला. सत्यम म्हणाला, पाटीच काढून टाका. गावाकडचे दोघं-तिघं म्हणाले, राहू द्या, कोण विचारतंय. पण तात्यासाहेबच म्हणाले, "खोटं कशाला लावायचं? माजी झालो तर माजी लिहा." रंगवणारा म्हणाला, जुन्या पाटीवर आणखी एक शब्द मावत नाही, मोठी करावी लागेल. केली. आता सांगा, खरं बोलायला गेलेल्या माणसाला मी कसं सांगणार, की तुमच्या ह्या शब्दानं गाडी उकळायला लागली?

पद गेल्यावर त्यांचा फोन वाजायचा बंद झाला होता. पूर्वी बंगल्यापुढं चपलांचा ढीग असायचा, करुणा चहा करून थकायची. आता ते सकाळी व्हरांड्यात पेपर घेऊन बसतात आणि शेजारच्या क्लासची पोरं फाटकासमोर मोटारसायकली लावून जातात. सत्यमचा ठेकेदारीचा धंदा आहे, त्याला बापाशी बोलायला वेळ नाही. बाहेर पडलं की मात्र नाक्यावरचा पोलीस पाटी बघतो आणि अर्धवट का होईना, हात वर करतो. तेवढ्यासाठी हा माणूस आठवड्यातून एकदा देवगावला चक्कर मारायचा. मी आरशातून बघायचो ना.

त्या संध्याकाळी बोलायचंच म्हणून मी व्हरांड्यात गेलो. पाटी पुन्हा लावून आणली होती, दुसरं काय करणार? तात्यासाहेब लग्नपत्रिका चष्म्याजवळ धरून वाचत होते.

"ये कृष्णा. परवा देवगावला लग्नाला जायचंय. पत्रिकेत नाव टाकलंय बघ माझं, प्रमुख पाहुण्यात."

"तात्यासाहेब, गाडीचं जरा बोलायचं व्हतं."

"सापडलं का काय ते?"

"सापडलं असं म्हणा..."

"हां, बरं. परवा पाटी जरा चिंचेनं घास. अक्षरं काळी पडायली. तिथं माईकवाला दुरून पाटी वाचून नाव पुकारतो."

मी म्हणालो, "व्हय." खोलीत आलो तर करुणानं विचारलं, "बोललात?" मी म्हणालो, "चिंच हाय का घरात?" ती माझ्याकडं बघत राहिली, मग डबा शोधायला लागली.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघंच निघालो. निघताना सत्यम फाटकात उभा होता. "लक्षात आहे ना काका?" म्हणाला. मी मान हलवली. माझा मनसुबा असा होता की सावकाश जायचं, चाळीसच्या पुढं न्यायचीच नाही, हिटर लावून का होईना पोचायचं. दौलताबादच्या जुन्या वेशीत ट्रकांची कोंडी होती, तिथं थांबलो तोवर सगळं ठीक. घाट लागला आणि काटा निघाला वर.

एसी बंद केला. हिटर लावला. काचा उघडल्या. रस्त्याच्या कडेचं गवत जळून गेलेलं, वाऱ्यात नुसता धुरळा. तात्यासाहेबांनी टोपी काढली. मग सदऱ्याचं वरचं बटण काढलं. असं त्यांनी चारचौघांत कधी केलेलं मला आठवत नाही. मी आरशात बघत होतो. चेहरा आधी लाल झाला, मग लाली उतरली आणि राखेसारखा झाला. ओठ उघडे.

"तात्यासाहेब, पाणी पिता का?"

पाण्याची बाटली त्यांच्या हातात होती, पण झाकण फिरवायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

त्या क्षणाला माझं डोकं सणकलं. कशासाठी हे? कोणासाठी? गाडी घाटाच्या माथ्यावर एका लिंबाखाली घेतली, हिटर बंद केला, मागचं दार उघडलं. त्यांना पाणी पाजलं, रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला. थोड्या वेळानं डोळे नीट झाले. मग मी डिकीतून पाना काढला आणि गाडीच्या पुढं गेलो.

मी पुढच्या काचेतून दिसत होतो, ते बघत होते. मी मान वर केली नाही. चार बोल्ट. शेवटचा जरा अडला, त्यावर मी सगळा राग काढला. पाटी उन्हानं इतकी तापली होती की फडक्यानं धरावी लागली. डिकीत नेऊन ठेवली, वर पोतं टाकलं.

"वायर सैल झाली व्हती," मी गाडीत बसत म्हणालो.

"बरं," तात्यासाहेब म्हणाले.

गाडी चालू केली. वेरूळ गेलं, कसाबखेडा गेलं. काटा खाली आला, मध्यावर थांबला. मी एसी लावला. थंड वारा आला तसं त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं, टोपी घातली. काट्याकडं तेही बघत होते, मला आरशात दिसत होतं. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं.

देवगावात मांडवापाशी पोचलो. कमानीजवळ गाड्यांची रांग. माईकवाला नवा पोरगा होता, स्टेजवरून गाड्या बघून पुकारत होता, अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, तमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे. आमच्या पुढची गाडी गेली. मग आमची कमानीत आली.

"पांढरी गाडी," माईकवरून आवाज आला, "पांढरी गाडी कोणाची आहे, ती लवकर बाजूला घ्या. मागं नवरदेवाची घोडी येतेय. ड्रायव्हर, पांढरी गाडी."

माझे कान तापले. मी काच खाली करायला लागलो, ओरडून सांगणार होतो आत कोण बसलंय ते. तात्यासाहेबांनी मागून खांद्यावर हात ठेवला. "घे बाजूला," म्हणाले. "घोडी येऊ दे."

ते स्वतःच दार उघडून उतरले आणि मांडवात मधल्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. पुढच्या सोफ्यांवर नवा सभापती, त्याची माणसं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. माझ्यामुळं झालं हे, असं वाटत होतं. पान्याचा भार खिशात लागत होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी काठी टेकत आली. मनकर्णाबाई, वरच्या आळीतली. तात्यासाहेबांपुढं वाकून बघितलं तिनं.

"आरं तात्या! हितं का बसलास मधीच?"

"बसलो असाच, मनकर्णाआक्का. बरी हाईस का?"

"मला काय धाड भरली. आन तुझा हापसा आजूक चालतोय बरं का. नळ आला न् गेला, त्याला पाणी हायेच. चल, जेव माझ्याबरुबर. तिकडं पंगत बसली."

आणि तात्यासाहेब उठले. प्रमुख पाहुणे म्हणून पुढं न जाता ते त्या म्हातारीबरोबर पंगतीला बसले, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली. मी कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना बघितलं. मला वाटलं, सुटलो. पाटीतून तेही सुटले आणि मीही. परतीच्या वाटेवर ते स्वतःहून पुढं, माझ्या शेजारी बसले. हापसा बसवला तेव्हा खडक कसा लागला होता, लोक कसे हसत होते, सगळं सांगत होते. मी ठरवलं, घरी गेलं की सत्यमला तात्यासाहेबांसमोरच सांगायचं. पाटीमुळं तापत होती, माझ्यामुळं नाही. मग पुढच्या आठवड्यात नाशिक.

ऊन कलल्यावर क्रांती चौकात सिग्नलला थांबलो. घर हाकेवर आलं होतं.

"कृष्णा," तात्यासाहेब म्हणाले, "पुढं कडंला घे गाडी."

"काय झालं? बरं वाटत नाय का?"

"पाटी लाव."

मला आधी कळलंच नाही. "तात्यासाहेब, आता कशाला? घरीच तर चाललोय."

"घरी चाललोय म्हणूनच." ते समोर बघत होते. "गावात काय, आक्का वळखते. सत्यम लई दिवसांपासून म्हणायलाय, तुम्हाला कुठं जायचं असतं, गाडी कशाला पाहिजे. पाटी हाय तवर त्याला विकता येत नाय. सभापतीची गाडी विकली म्हणून लोक त्याच्या तोंडात शेण घालतील. पाटी नाय दिसली तर उद्या गिऱ्हाईक आणंल तो."

मी गाडी कडेला घेतली. रहदारीत, लोकांच्या पायात बसून चार बोल्ट लावले. पाटी आता गार झाली होती.

फाटकात सत्यम उभाच होता. मी गाडी आत घेतली तसा तो आला आणि बॉनेटवर हात ठेवून बघितलं. "तापली नाही आज?"

"नाय."

"काटा?"

"मध्यावर व्हता."

"अरे वा! मग इतके दिवस काय झालं होतं? सांगा की काका. काय केलं आज वेगळं?"

तात्यासाहेब उतरून पायरीवर उभे होते, दाराच्या चौकटीला हात लावून. ते माझ्याकडं बघत होते. त्या घाटात पाण्याची बाटली हातात घेऊन बसले होते ना, तसेच. करुणाही मागच्या दारात आली होती. माझं सगळं वाक्य तयार होतं, ओठावर होतं.

मी म्हणालो, "पाणी कमी पडत व्हतं. माझंच लक्ष नव्हतं."

सत्यम हसला. "बघा! मी म्हणत नव्हतो? किती खर्च केला आपण गॅरेजमध्ये, आणि कारण काय, तर पाणी."

तो आणखीही बोलणार होता. तात्यासाहेब म्हणाले, "जाऊ दे सत्यम. माणूस हाय, चुकतं कवा कवा. कृष्णा कुठं जात नाय."

आणि ते आत गेले.

मला माफ केलं त्यांनी! मी तिथंच गाडीपाशी उभा राहिलो. इतका राग आला की पाना काचेवर मारावा असं वाटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी आजवर पुष्कळ खाल्ला, पण असा नाही. आणि रडूही आलं, ते का आलं ते मला सांगता येणार नाही. मग खोलीत गेलो. पिशवीतल्या साड्या काढून करुणानं पुन्हा दोरीवर टाकल्या.

आता पावसाळाही सरत आला. अपेक्षाचा फोन येतो, मी म्हणतो, पुढच्या महिन्यात. ती म्हणते, मागच्या महिन्यातही हेच म्हणालात. तिला काय सांगू? मी गेलो तर नवा ड्रायव्हर येईल. त्याला कोण सांगणार, की घाट सावकाश चढून माथ्यावरच्या लिंबाखाली गाडी थांबवायची आणि पाटी काढायची, आणि परत येताना क्रांती चौकाच्या पुढं ती लावायची? आणि नाही सांगितलं, तर तात्यासाहेब तोंडातून शब्द काढणार नाहीत, नुसते सदऱ्याचं बटण काढून बसतील.

त्या लिंबाखाली आम्ही दर आठवड्याला थांबतो. गाडी थांबली की ते डोळे मिटतात. बोल्ट खोलून, पाटी डिकीत ठेवून मी दार लावलं की उघडतात. विचारतात, "झालं का?" मी म्हणतो, "झालं."

परवा सत्यमकडं पाहुणे आले होते. फाटकात गाडीपाशी उभं राहून तो त्यांना सांगत होता, "आमचे कृष्णाकाका. एकदा दम दिला, तेव्हापासून गाडी कधी तापली नाही बघा." पाहुणे हसले. मी पाटी पुसत होतो. पावसाचं पाणी त्या अक्षरांच्या मागं जाऊन बसतं, बोट घालून काढावं लागतं, नाहीतर गंज धरतो. मी बोटाला फडकं गुंडाळलं आणि 'माजी'पासून सुरुवात केली.